व्यावसायिक वजन नियंत्रण कार्यक्रम

व्यावसायिक वजन नियंत्रण कार्यक्रम म्हणजे शरीराचे वजन कमी करण्यासाठी किंवा कमी झालेले वजन टिकवण्यासाठी एखाद्या कंपनीने शुल्क आकारून चालवलेली संघटित योजना होय. अशा योजनेत सामान्यतः आहाराचे ठरावीक नियम, व्यायामाचा सल्ला, वजनाची नियमित नोंद आणि गट, समुपदेशक किंवा भ्रमणध्वनीवरील ॲप यांच्या माध्यमातून मिळणारा आधार यांचा समावेश असतो. काही कार्यक्रमांत कंपनी स्वतःच तयार अन्न किंवा भोजनाऐवजी घ्यावयाची पेये विकते. वेट वॉचर्स, जेनी क्रेग, न्यूट्रिसिस्टम, स्लिमफास्ट, स्लिमिंग वर्ल्ड, ऑप्टाव्हिया आणि नूम ही या क्षेत्रातील प्रसिद्ध नावे आहेत. त्यांपैकी स्लिमिंग वर्ल्ड ब्रिटनमध्ये आणि जेनी क्रेग ऑस्ट्रेलियात सुरू झाले. उर्वरित कार्यक्रमांचा उगम अमेरिकेतील आहे.

या कार्यक्रमांच्या जाहिराती प्रामुख्याने यशस्वी ग्राहकांच्या छायाचित्रांवर व अनुभवांवर आधारलेल्या असतात. वैज्ञानिक चाचण्यांतून दिसणारे सरासरी परिणाम मात्र त्यांहून बरेच मर्यादित आहेत. त्यामुळे कार्यक्रमांची तुलना करताना किती वजन घटले यासोबतच ते कोणाच्या तुलनेत घटले, किती काळ टिकले, किती लोकांनी कार्यक्रम मध्येच सोडला आणि त्यासाठी किती खर्च आला या बाबी पाहणे आवश्यक ठरते.

## प्रकार

कार्यपद्धतीनुसार या कार्यक्रमांचे साधारणपणे चार प्रकार पडतात.

* गटाधारित कार्यक्रम: सभासद आठवड्यातून एकदा एकत्र जमतात, वजन करतात आणि अनुभवांची देवाणघेवाण करतात. अन्न सभासद स्वतःच विकत घेतात व शिजवतात. वेट वॉचर्स आणि स्लिमिंग वर्ल्ड ही या प्रकाराची उदाहरणे आहेत.
* तयार भोजन पुरवणारे कार्यक्रम: मोजून बांधलेले अन्न कंपनी विकते. जेनी क्रेग आणि न्यूट्रिसिस्टम या प्रकारात मोडतात.
* भोजनाला पर्याय देणारे कार्यक्रम: दिवसातील एक किंवा अधिक जेवणांऐवजी पेय, भुकटी अथवा वडी घेतली जाते. स्लिमफास्ट, ऑप्टाव्हिया, हर्बालाइफ आणि वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाणारे ऑप्टिफास्ट यांचा यात समावेश होतो.
* ॲपवर आधारित कार्यक्रम: आहाराची नोंद, दैनंदिन पाठ आणि प्रशिक्षकाशी संवाद हे सर्व भ्रमणध्वनीवर होते. नूम हे त्याचे उदाहरण होय. भारतात हेल्दीफायमी हे याच धर्तीचे ॲप आहे.

या सर्व प्रकारांमागील शारीरिक तत्त्व एकच आहे. शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी ऊर्जा आहारातून मिळाली की शरीर साठवलेली चरबी वापरू लागते. कार्यक्रमांमधील भेद हा ही तूट कोणत्या मार्गाने साधायची आणि ती पाळण्यासाठी माणसाला कसे प्रवृत्त करायचे यात आहे.

## इतिहास

### प्रारंभ

इ.स. १९४८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे एस्थर मान्झ यांनी 'टॉप्स' ही ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन केली. वजन कमी करू इच्छिणाऱ्या व्यक्तींनी एकमेकांना आधार द्यावा ही तिची कल्पना होती. पुढे व्यावसायिक कार्यक्रमांनी हीच कल्पना स्वीकारली.

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील गृहिणी जीन नायडेच यांना शहराच्या आरोग्य विभागाच्या स्थूलता चिकित्सालयातून आहारतक्ता मिळाला होता. तक्ता पाळणे एकटीने अवघड जाते असे लक्षात आल्यावर इ.स. १९६१ मध्ये त्यांनी काही मैत्रिणींना घरी बोलावले आणि दर आठवड्याला बैठका घेण्यास सुरुवात केली. नायडेच यांचे वजन सुमारे ९७ किलोवरून ६४ किलोवर आले. इ.स. १९६३ मध्ये त्यांनी आल्बर्ट व फेलिस लिपर्ट या दांपत्यासह वेट वॉचर्स ही कंपनी स्थापन केली. आहारतक्ता मूळचा सरकारी आरोग्य विभागाचा होता आणि तो विनामूल्य उपलब्ध होता. कंपनीने त्याला साप्ताहिक बैठकीची जोड दिली आणि शुल्क आकारले ते मुख्यतः या बैठकीसाठी. ब्रिटनमध्ये इ.स. १९६९ साली मार्गरेट माइल्स-ब्रॅमवेल यांनी डर्बीशायर परगण्यात स्लिमिंग वर्ल्डची सुरुवात केली.

### विस्तार

इ.स. १९७० च्या दशकात या व्यवसायात अन्नउत्पादनांचा शिरकाव झाला. न्यूट्रिसिस्टम इ.स. १९७२ मध्ये आणि स्लिमफास्ट इ.स. १९७७ मध्ये सुरू झाले. याच दशकात द्रवरूप प्रथिनांवर आधारलेल्या अत्यल्प उष्मांकाच्या आहाराची लाट आली. असा आहार घेणाऱ्या सुमारे ६० व्यक्तींच्या मृत्यूंची अमेरिकी आरोग्य यंत्रणांनी इ.स. १९७७-७८ मध्ये चौकशी केली. त्या काळच्या अनेक उत्पादनांतील प्रथिने निकृष्ट दर्जाची होती. या घटनेनंतर अत्यल्प उष्मांकाचा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावा हा संकेत रूढ झाला.

इ.स. १९७८ मध्ये एच. जे. हाइन्झ या अन्नप्रक्रिया कंपनीने वेट वॉचर्स विकत घेतली. इ.स. १९८३ मध्ये जेनी क्रेग आणि त्यांचे पती सिड क्रेग यांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जेनी क्रेग कंपनी सुरू केली व दोन वर्षांनी ती अमेरिकेत आणली. मोठ्या खाद्यपेय कंपन्यांचे या क्षेत्रातील स्वारस्य पुढेही कायम राहिले. युनिलिव्हरने इ.स. २००० मध्ये स्लिमफास्ट आणि नेस्लेने इ.स. २००६ मध्ये जेनी क्रेग विकत घेतली. दोन्ही कंपन्यांनी कालांतराने हे व्यवसाय विकून टाकले.

### डिजिटल काळ

भ्रमणध्वनीवरील आहारनोंदीची विनामूल्य ॲप उपलब्ध झाल्यानंतर प्रत्यक्ष बैठकांवर आधारलेल्या कार्यक्रमांचे महत्त्व कमी होऊ लागले. इ.स. २००८ मध्ये सेजू जोंग आणि आर्टेम पेताकॉव्ह यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे नूम हे ॲप मानसशास्त्रीय पाठांवर भर देत लोकप्रिय झाले. वेट वॉचर्समध्ये दूरचित्रवाणी कलाकार ओप्रा विन्फ्री यांनी इ.स. २०१५ मध्ये सुमारे १० टक्के भागभांडवल घेतले. इ.स. २०१८ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून 'डब्ल्यूडब्ल्यू' असे केले आणि आरोग्यसंवर्धन हा आपला हेतू असल्याचे जाहीर केले. इ.स. २०२३ मध्ये जेनी क्रेगने आपली केंद्रे बंद केली. त्यानंतर न्यूट्रिसिस्टमच्या मालक कंपनीने ते नाव विकत घेऊन घरपोच अन्नाच्या स्वरूपात पुन्हा बाजारात आणले. इ.स. २०२५ च्या मे महिन्यात वेट वॉचर्सने कर्जाच्या पुनर्रचनेसाठी अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला.

## प्रमुख कार्यक्रमांची कार्यपद्धती

| कार्यक्रम | स्थापना | मुख्य पद्धत | अन्नाची व्यवस्था | आधाराचे स्वरूप |
|---|---|---|---|---|
| वेट वॉचर्स | १९६३ | अन्नाला गुण देणे | सभासद स्वतः | बैठका, ॲप |
| स्लिमिंग वर्ल्ड | १९६९ | अमर्याद व मर्यादित अन्नांची विभागणी | सभासद स्वतः | बैठका, ॲप |
| न्यूट्रिसिस्टम | १९७२ | मोजलेले तयार भोजन | कंपनीकडून घरपोच | दूरध्वनी, ॲप |
| स्लिमफास्ट | १९७७ | दोन जेवणांऐवजी पेय, एक जेवण घरचे | अंशतः दुकानातून | मुख्यतः स्वयंशिस्त |
| जेनी क्रेग | १९८३ | तयार भोजन व व्यक्तिगत समुपदेशन | कंपनीकडून | समुपदेशक |
| नूम | २००८ | आहारनोंद व वर्तनविषयक पाठ | ग्राहक स्वतः | ॲप, प्रशिक्षक |

वेट वॉचर्स कार्यक्रमात इ.स. १९९० च्या दशकात गुणपद्धती आली. प्रत्येक पदार्थाला एक संख्या दिली जाते आणि सभासदाला दिवसासाठी ठरावीक गुण मिळतात. मूळ सूत्रात उष्मांक, स्निग्धांश आणि तंतू विचारात घेतले जात. इ.स. २०१० च्या आवृत्तीत प्रथिने व कर्बोदके यांचा समावेश झाला, तर इ.स. २०१५ च्या आवृत्तीत साखर व संपृक्त मेद यांना अधिक गुण आणि प्रथिनांना सवलत देण्यात आली. त्यामुळे समान उष्मांकाच्या दोन पदार्थांपैकी गोड व तेलकट पदार्थ 'महाग' आणि प्रथिनयुक्त पदार्थ 'स्वस्त' ठरतो. कोणताही पदार्थ पूर्णतः वर्ज्य नसतो.

स्लिमिंग वर्ल्ड मोजमापाचा ताण टाळण्याचा प्रयत्न करते. फळे, बहुतेक भाज्या, चरबीविरहित मांस यांसारखे पोट भरणारे पदार्थ भूक भागेपर्यंत खाण्याची मुभा असते. दुग्धजन्य पदार्थ व धान्ये मर्यादित आणि गोड पदार्थ, मद्य इत्यादी अत्यल्प प्रमाणात घेता येतात.

न्यूट्रिसिस्टम आणि जेनी क्रेग या कार्यक्रमांत ग्राहकाला निवड करावी लागत नाही, हाच त्यांचा मुख्य गुण व मुख्य मर्यादाही मानली जाते. वाढून घेण्याचे प्रमाण पाकिटानेच ठरलेले असते, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत नियम पाळणे सोपे जाते. मात्र पाकिटे बंद झाल्यावर घरच्या अन्नाचे प्रमाण ठरवण्याची सवय झालेली नसते.

ऑप्टाव्हिया कार्यक्रमाच्या प्रचलित आराखड्यात दिवसाला कंपनीची पाच लघुभोजने आणि घरचे एक जेवण असते. दिवसाचा एकूण आहार सुमारे ८०० ते १,००० किलोकॅलरी इतका कमी असल्याने वजन वेगाने घटते. उत्पादनांची विक्री प्रशिक्षक म्हणवणाऱ्या विक्रेत्यांच्या साखळीतून होते. या प्रशिक्षकांना विक्रीवर मोबदला मिळतो. हर्बालाइफ कंपनीची रचनाही थेट विक्रीची आहे.

नूम अन्नाचे ऊर्जाघनतेनुसार रंगांत वर्गीकरण करते. काकडी, कलिंगड यांसारखे पाणीदार पदार्थ हिरव्या गटात, तर तळलेले व गोड पदार्थ दुसऱ्या टोकाच्या गटात येतात. कमी ऊर्जाघनतेचे पदार्थ अधिक प्रमाणात खाल्ले तरी एकूण उष्मांक कमी राहतात, असे या वर्गीकरणामागील तत्त्व आहे.

## परिणामकारकता

### मोजमापाची पद्धत

कार्यक्रमाचा खरा परिणाम जाणण्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणी ही सर्वांत विश्वासार्ह पद्धत समजली जाते. तिच्यात सहभागी व्यक्तींची सोडत पद्धतीने दोन किंवा अधिक गटांत विभागणी होते. एका गटाला कार्यक्रम आणि दुसऱ्याला नेहमीचा सल्ला किंवा माहितीपुस्तिका दिली जाते. नियंत्रण गटाची आवश्यकता यासाठी की वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या व्यक्तींचे वजन कोणत्याही कार्यक्रमाशिवायही काही प्रमाणात घटते. कार्यक्रमाचे श्रेय म्हणजे दोन गटांतील फरक होय. कार्यक्रमाच्या गटातील संपूर्ण घट कार्यक्रमाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

कार्यक्रम मध्येच सोडणाऱ्यांची गणना हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा आहे. यश न मिळालेले लोक कार्यक्रम सोडण्याची शक्यता अधिक असते. केवळ अखेरपर्यंत टिकलेल्यांची सरासरी काढल्यास परिणाम फुगलेला दिसतो.

### प्रमुख अभ्यास

अमेरिकेत इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२३ व्यक्तींची वेट वॉचर्स व स्वयंसाहाय्य या दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका वर्षानंतर वेट वॉचर्स गटाची सरासरी घट ४.३ किलो, तर दुसऱ्या गटाची १.३ किलो होती. दोन वर्षांनंतर हे आकडे अनुक्रमे २.९ किलो व ०.२ किलो झाले. दोन गटांतील फरक जवळजवळ तेवढाच राहिला, परंतु दोन्ही गटांचे वजन दुसऱ्या वर्षी वाढले.

इ.स. २००५ मधील बॉस्टन येथील चाचणीत १६० व्यक्तींना ॲटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश या चार आहारपद्धती देण्यात आल्या. एका वर्षानंतर सरासरी घट २.१ ते ३.३ किलो या दरम्यान होती आणि चारही पद्धतींतील फरक सांख्यिकीयदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. वर्षभर टिकून राहिलेल्यांचे प्रमाण ५० ते ६५ टक्के होते. कोणती पद्धत निवडली यापेक्षा ती किती काटेकोरपणे पाळली याचा वजनाशी अधिक निकटचा संबंध आढळला. ब्रिटनमध्ये इ.स. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, बीबीसीच्या सहयोगाने झालेल्या चाचणीतही ॲटकिन्स, वेट वॉचर्स, स्लिमफास्ट आणि रोझमेरी कॉन्ली या चार कार्यक्रमांत सहा महिन्यांनंतर लक्षणीय फरक दिसला नाही. सरासरी घट ५.९ किलो होती.

जेनी क्रेगच्या इ.स. २०१० मधील चाचणीत ४४२ स्त्रिया सहभागी होत्या. दोन वर्षांनंतर केंद्रात जाणाऱ्या गटाची घट ७.४ किलो, दूरध्वनीवरून समुपदेशन मिळालेल्या गटाची ६.२ किलो आणि नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटाची २.० किलो होती. हे परिणाम इतर कार्यक्रमांपेक्षा चांगले दिसतात. मात्र या चाचणीत सहभागींना कार्यक्रम व अन्न विनामूल्य मिळाले होते. प्रत्यक्ष बाजारात ग्राहकाला दोन्हींचे पैसे मोजावे लागतात आणि खर्च हे कार्यक्रम सोडण्याचे एक कारण ठरू शकते. शिवाय या क्षेत्रातील अनेक चाचण्यांना संबंधित कंपन्यांनीच अर्थसाहाय्य केले आहे. वेट वॉचर्सची इ.स. २००३ मधील आणि जेनी क्रेगची इ.स. २०१० मधील चाचणी या दोन्ही त्यांत मोडतात.

इ.स. २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटन येथील ७७२ रुग्णांचा समावेश होता. डॉक्टरांनी वेट वॉचर्सकडे पाठवलेल्या रुग्णांचे वजन एका वर्षात सरासरी ५.१ किलो घटले. चिकित्सालयातील नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचे वजन २.३ किलो घटले. इ.स. २०१७ मधील ब्रिटिश चाचणीत १,२६७ व्यक्तींची तीन गटांत विभागणी झाली. एका वर्षानंतर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांची घट ३.३ किलो, १२ आठवड्यांचा कार्यक्रम मिळालेल्यांची ४.८ किलो आणि ५२ आठवड्यांचा कार्यक्रम मिळालेल्यांची ६.८ किलो होती. आधाराचा कालावधी वाढल्यास परिणाम वाढतो, हा या चाचणीचा मुख्य निष्कर्ष होय.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इ.स. २०१५ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना ३२ प्रमुख कार्यक्रमांपैकी केवळ ११ कार्यक्रमांच्या यादृच्छिक नियंत्रित चाचण्या आढळल्या. नियंत्रण गटाच्या तुलनेत एका वर्षानंतरची अधिक घट वेट वॉचर्समध्ये किमान २.६ टक्के आणि जेनी क्रेगमध्ये किमान ४.९ टक्के होती. न्यूट्रिसिस्टमचा तीन महिन्यांनंतरचा परिणाम किमान ३.८ टक्के होता, परंतु दीर्घकालीन चाचण्यांचा अभाव होता. ९० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी २.६ टक्के म्हणजे सुमारे अडीच किलो आणि ४.९ टक्के म्हणजे सुमारे साडेचार किलो होतात.

हे आकडे लहान वाटले तरी आरोग्याच्या दृष्टीने निरर्थक नाहीत. वजनात ५ ते १० टक्के घट झाल्यास रक्तदाब, रक्तशर्करा आणि रक्तातील मेद यांत सुधारणा दिसून येते. अमेरिकेत इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधक चाचणीत ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. हा कार्यक्रम व्यावसायिक नव्हता.

### वजन पुन्हा वाढणे

घटलेले वजन पुन्हा वाढणे ही सर्व कार्यक्रमांची समान मर्यादा आहे. अमेरिकेतील २९ अभ्यासांच्या इ.स. २००१ मधील एकत्रित विश्लेषणानुसार पाच वर्षांनंतर सरासरी सुमारे ३ किलो घट टिकून होती.

याची कारणे केवळ इच्छाशक्तीच्या अभावात नाहीत. वजन घटल्यावर लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते. शिवाय विश्रांतीच्या वेळी होणारा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षाही खाली येऊ शकतो आणि भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण वाढते. 'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांच्या इ.स. २०१६ मधील अभ्यासात सहा वर्षांनंतरही त्यांचा विश्रांतीकालीन ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी आढळला. त्यांपैकी बहुतेकांचे वजन बऱ्याच प्रमाणात परत वाढले होते.

रोज ५०० किलोकॅलरी कमी घेतल्यास आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन घटते, हा रूढ हिशेब यामुळे पहिल्या काही आठवड्यांपुरताच उपयोगी ठरतो. पुढे तीच तूट आपोआप आक्रसत जाते आणि वजन एका पातळीवर स्थिरावते. ग्राहक अनेकदा या टप्प्यावर कार्यक्रम सोडतो व नंतर पुन्हा सभासद होतो. कार्यक्रम अयशस्वी ठरल्यावरही ग्राहक स्वतःलाच दोष देऊन परत येतो आणि कंपनीचे उत्पन्न चालू राहते, अशी टीका या व्यवसायावर केली जाते.

## खर्च

गटाधारित व ॲपवर आधारित कार्यक्रमांत केवळ सभासदत्वाचे शुल्क द्यावे लागते. तयार भोजन पुरवणाऱ्या कार्यक्रमांत अन्नाची किंमत हाच मुख्य खर्च असतो, परंतु त्यातून घरच्या किराण्याचा काही खर्च वाचतो. तुलना करताना हा निव्वळ खर्च धरणे योग्य ठरते. इ.स. २०१४ मधील एका अमेरिकी विश्लेषणात घटलेल्या प्रत्येक किलोमागे वेट वॉचर्सचा सरासरी खर्च १५५ डॉलर होता. तुलनेतील पर्यायांत तो सर्वांत कमी होता, तर ऑरलिस्टॅट या औषधाचा खर्च ५४६ डॉलर म्हणजे सर्वांत जास्त होता.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा पात्र रुग्णांना काही आठवड्यांसाठी वेट वॉचर्स किंवा स्लिमिंग वर्ल्डच्या बैठकांना विनामूल्य पाठवते. बर्मिंगहॅम येथील इ.स. २०११ च्या चाचणीत व्यावसायिक गटांचा परिणाम स्थानिक दवाखान्यांतील व औषधालयांतील व्यक्तिगत समुपदेशनापेक्षा चांगला आणि खर्च कमी आढळला होता.

## सुरक्षितता

दिवसाला ८०० किलोकॅलरींपेक्षा कमी आहार असलेल्या योजना वैद्यकीय देखरेखीशिवाय असुरक्षित मानल्या जातात. वेगाने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी आहार अचानक कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. त्यामुळे औषधांची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक असते. गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि खाण्यासंबंधीचे मानसिक विकार असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी सर्वसाधारण व्यावसायिक कार्यक्रम योग्य नसतात.

## जाहिराती व कायदेशीर कारवाया

अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने इ.स. १९९३ मध्ये वेट वॉचर्स, जेनी क्रेग व न्यूट्रिसिस्टम यांच्यासह पाच मोठ्या कंपन्यांवर निराधार दावे केल्याचा आरोप ठेवला. न्यूट्रिसिस्टमने त्याच वर्षी, तर वेट वॉचर्स व जेनी क्रेग यांनी इ.स. १९९७ मध्ये आयोगाशी तडजोड केली. त्यानंतर दाव्यांना पुरावा असणे आणि अनेकांच्या बाबतीत वजनघट तात्पुरती असते हे जाहिरातीत नमूद करणे यांसारख्या अटी लागू झाल्या.

हर्बालाइफने इ.स. २०१६ मध्ये विक्रेत्यांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून याच आयोगाशी २० कोटी डॉलरची तडजोड केली. मुलांसाठीच्या ॲपवर पालकांच्या संमतीविना माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात वेट वॉचर्सला इ.स. २०२२ मध्ये १५ लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी नूमने वर्गणीच्या आपोआप नूतनीकरणाविषयीच्या ग्राहकांच्या दाव्यात ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली.

## औषधांचा प्रभाव

इ.स. २०२१ मध्ये अमेरिकेत सेमाग्लुटाइड हे इंजेक्शन स्थूलतेवरील उपचारासाठी मंजूर झाले. त्याच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांनंतर सरासरी १४.९ टक्के वजन घटले, तर औषधविरहित गटात २.४ टक्के. टिर्झेपॅटाइड या औषधाच्या चाचणीत सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांनंतर सुमारे २१ टक्के घट दिसली. व्यावसायिक कार्यक्रमांच्या परिणामांपेक्षा हे आकडे अनेक पटींनी मोठे असल्याने त्या व्यवसायाचा पाया हादरला. वेट वॉचर्सने इ.स. २०२३ मध्ये ही औषधे ऑनलाइन लिहून देणारी सेवा विकत घेतली. नूमनेही अशीच सेवा सुरू केली.

तथापि औषध थांबवल्यावर वजनाचा मोठा भाग परत वाढतो, मळमळ व उलटी यांसारखे दुष्परिणाम होतात आणि खर्च दीर्घकाळ चालू राहतो. औषध घेत असतानाही पुरेशी प्रथिने व व्यायाम आवश्यक असल्याने आहारविषयक मार्गदर्शनाची गरज संपुष्टात आलेली नाही.

## भारत आणि महाराष्ट्र

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आहेत. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते व मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून येथे बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानण्याची शिफारस आहे. पाश्चात्त्य निकष अनुक्रमे २५ व ३० असे आहेत.

भारतात हा व्यवसाय मुख्यतः सौंदर्य व वजन नियंत्रण केंद्रे, व्यक्तिगत आहारतज्ज्ञ आणि ॲप या मार्गांनी वाढला. वंदना लुथ्रा यांनी इ.स. १९८९ मध्ये दिल्लीत व्हीएलसीसीची स्थापना केली. बंगळूर येथे इ.स. २०१२ मध्ये सुरू झालेल्या हेल्दीफायमीने भारतीय पदार्थांच्या उष्मांकांची सूची तयार केली. पाकिटावरील पोषणतक्त्यावर आधारलेले पाश्चात्त्य कार्यक्रम भारतीय घरात लागू करणे अवघड जाते. आमटी, उसळ किंवा भाजी यांवर असा तक्ता नसतो, तेलाचे प्रमाण घरोघरी बदलते आणि सर्वांसाठी एकत्र शिजवलेले अन्न एका व्यक्तीसाठी वेगळे करता येत नाही. त्यामुळे येथील योजनांत वाटी, पोळी, भाकरी व चमचा हीच मापे वापरली जातात.

महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा झाली ती मात्र एका विनामूल्य पद्धतीची. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेल्या या जीवनशैलीत कडक भुकेच्या वेळी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि रोज ४५ मिनिटे चालणे अपेक्षित असते. व्याख्याने आणि समाजमाध्यमांवरील गट यांच्या आधारे तिचा प्रसार झाला. शुल्क नसले तरी साधे नियम व परस्परांचा आधार ही तिची रचना गटाधारित कार्यक्रमांशी मिळतीजुळती आहे. मुंबईतील आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट थोड्या थोड्या वेळाने व पारंपरिक, स्थानिक अन्न खाण्याचा पुरस्कार केला आहे. या दोन विचारांवरील वाद मराठी वृत्तपत्रांतून व समाजमाध्यमांतून गाजला.

कायद्याच्या दृष्टीने, औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश असून तिच्या निवारणासाठी औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंड होऊ शकतो. चरबी कमी करणाऱ्या यंत्रोपचाराच्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इ.स. २०२५ मध्ये व्हीएलसीसीला ३ लाख रुपये दंड केला.

## तुलनेचे निकष

उपलब्ध अभ्यासांवरून कार्यक्रमांच्या तुलनेसाठी पुढील निकष महत्त्वाचे ठरतात.

* किमान एका वर्षाच्या नियंत्रित चाचणीचा पुरावा आहे का, आणि ती चाचणी कोणाच्या खर्चाने झाली.
* सांगितलेली घट सर्व सहभागींची सरासरी आहे की निवडक यशस्वी व्यक्तींची.
* कार्यक्रम संपल्यानंतर वजन टिकवण्यासाठी आधाराची सोय आहे का.
* आहार घरच्या स्वयंपाकात आणि कुटुंबाच्या उत्पन्नात दीर्घकाळ बसण्याजोगा आहे का.
* सल्ला देणाऱ्याची पात्रता काय आहे आणि उत्पादनांच्या विक्रीतून त्याला मोबदला मिळतो का.
* वर्गणीचे नूतनीकरण, रद्द करण्याची पद्धत व परतावा यांच्या अटी स्पष्ट आहेत का.

बॉस्टन व ब्रिटनमधील थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांत कोणताही एक आहार इतरांपेक्षा निश्चितपणे श्रेष्ठ ठरलेला नाही. आधाराचा कालावधी आणि नियम पाळण्यातील सातत्य यांचा परिणाम मात्र वारंवार दिसून आला आहे.

## हेही पाहा

* स्थूलता
* बॉडी मास इंडेक्स
* उष्मांक
* मधुमेह
* चयापचय